चौथा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. माझ्या पुढच्या अंगाला इंजिन आहे, मागे बिछाने आहेत आणि मधल्या जागेत चूल, टेबल आणि चार माणसांचा पसारा. गाडीला रस्त्याची काळजी असते आणि घराला माणसांची. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या. त्यामुळे जिवाला घोर लावून घ्यायचा माझा स्वभावच झाला. पूल दिसला की मला वाटते, डोके आपटणार. वारा सुटला की वाटते, आता आडवी होणार. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण एकदा झाले, आणि तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियानातला. माझी कपाटे करणारा सुतार आमिश पंथाचा होता. मोटार त्याच्या धर्मात बसत नव्हती, म्हणून तो सायकलवरून कामावर येई आणि दिवसभर माझ्यासारख्या मोटारींची दारे घासून बसवी. "रस्ता कितीही वाईट असो, हे दार उघडायचं नाही," असे तो कपाटाच्या दारावर थाप मारून म्हणाला होता. त्याचे म्हणणे इतके खरे ठरले की ते दार हवे तेव्हासुद्धा उघडत नाही.

पहिल्या मालकांनी मला दोनदा फिरवले आणि आठ वर्षे कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवले. माझ्या पंख्याच्या नळीत उंदरांचे तीन संसार झाले. मग नोलन आला. तो पुलांचे नकाशे काढायचा आणि ते काम कुठेही बसून होत असे. त्याची बायको लोर्ना आधी शाळेत शिकवायची. एमेट बारा वर्षांचा होता आणि हॅटी आठ वर्षांची. त्यांनी आपले घर विकले, उरलेसुरले सामान माझ्या पोटात भरले आणि निघाले. हॅटीने माझे नाव मर्टल ठेवले. नाव मिळाल्यावर माझी काळजी आणखी वाढली.

शाळा माझ्या टेबलावर भरत असे. हॅटी अपूर्णांक शिकली ती इंधनाच्या काट्यावर. एमेट भूगोल शिकला तो नोलनच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर नकाशा घेऊन. दुकानात गेले की कोणीतरी हमखास विचारी, "काय गं, आज शाळेला सुट्टी वाटतं?" लोर्ना ओशाळायची, पण हॅटी बिनदिक्कत सांगायची, "आमची शाळा बाहेर पार्किंगमध्ये उभी आहे."

निघण्यापूर्वी प्रत्येकाचे काम ठरलेले होते. पाण्याच्या नळ्या सोडवायच्या लोर्नाने. कपाटे आणि गॅस बघायचा एमेटने. नोलन माझ्याभोवती एक फेरी मारी आणि प्रत्येक चाकाला हात लावी. हॅटीकडे होते ठोकळे. उतारावर मी उभी राहिले की माझ्या चाकांना लाकडाचे चार ठोकळे लावत. ते निघताना काढून पेटीत टाकायचे. तिने ते स्वतः पिवळे रंगवले होते. एकदा एक ठोकळा मागे राहिला, तेव्हा नोलन तिच्यावर ओरडला होता. ती दिवसभर गप्प होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या बाजूच्या दाराखाली एक पायरी आहे. दार उघडले की ती बाहेर येते आणि लावले की आत जाते. ती बाहेर राहिली तर चालकाजवळ भोंगा वाजायचा. पण तो गंजला होता आणि पायरी आत असतानाही वाजायचा. नेब्रास्कात तो सलग तीन दिवस वाजला. शेवटी नोलनने पक्कड घेतली आणि त्याची तार कापून टाकली.

"म्हातारी उगाच कुरकुरते," तो म्हणाला.

"अरे, नीट दुरुस्त करून घे ना," लोर्ना म्हणाली.

"घेऊ गं. पुढच्या गावात."

पुढची गावे बरीच आली. खरे सांगू, मलाही तेव्हा बरे वाटले होते. आपल्याच आवाजाचा कंटाळा आला होता मला.

तो सप्टेंबर होता आणि आम्ही वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचा घाट चढणार होतो. एरवी मी त्यांची छोटी कार मागे बांधून ओढत असे. पण घाटात माझे इंजिन तापते. म्हणून पायथ्याशी, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, नोलनने कार सोडवली. ती घेऊन लोर्ना पुढे जाणार होती आणि माथ्यावर आमची वाट बघणार होती. माझ्याच्याने ओझे ओढवत नव्हते म्हणून त्या दिवशी घराचे दोन तुकडे झाले. हे मी विसरलेले नाही.

"मी आईबरोबर कारमधून जाऊ?" हॅटीने विचारले.

"आईला विचार," नोलन इंजिनाच्या झाकणाखालून म्हणाला.

लोर्ना म्हणाली, "आज नको. तुझं वाचन राहिलंय. मर्टलमध्येच बस." आणि ती निघून गेली. नोलनला एवढेच दिसले की पोरगी कारकडे धावत गेली आणि कार गेली. हॅटी दुसऱ्या बाजूने येऊन ठोकळे काढत होती, हे त्याला दिसले नाही. तिने तीन ठोकळे पेटीत टाकले, आत येऊन पुस्तक उघडले आणि तिला आठवले की उजव्या मागच्या चाकाचा राहिला. आता ओरडा बसणार. ती हळूच दार उघडून उतरली. वारा आत येऊ नये म्हणून तिने दार ओढूनही घेतले. इतकी शहाणी पोर. पण दार पुरते लागले नाही आणि पायरी बाहेरच राहिली.

इंजिन सुरू होते, एमेट नकाशात गढला होता आणि नोलनची फेरी त्या दिवशी राहिली होती. नोलनने ब्रेक सोडला. चढावर निघताना मी आधी वीतभर मागे येते; माझी जुनी खोड आहे. तिचा हात तेव्हा चाकाशी होता. मी मागे आले आणि चाकाखाली काहीतरी कट् करून मोडले.

मित्रांनो, ते लाकूड होते की आणखी काही, हे मला कळले नाही. नोलनने जोर दिला आणि मी पुढे निघाले.

मला चौघांची पावले ओळखू येतात. हॅटी चालली की टेबलाजवळची एक फळी किंचित वाजते. पहिला मैल गेला, दुसरा गेला, फळी वाजली नाही. पायरी बाहेर लोंबत होती आणि माझा भोंगा मुका होता. पुढे बापलेक गप्पा मारत होते.

"बाबा, पुढचं वळण केसाच्या पिनेसारखं आहे."

"असू दे. तू फक्त वेळेवर सांग म्हणजे झालं."

मी आतून ओरडत होते. गाडीचे ओरडणे म्हणजे काय, खिळे खडखडणार आणि काचा थरथरणार. ते तर मी रोजच करते. माझ्याकडे कोण लक्ष देणार?

घाटाच्या दोन तृतीयांश वाटेवर माझा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. मी मुद्दाम तापले असे म्हणणार नाही. मी दर घाटात तापते. नोलनने मला एका रुंद कडेला उभे केले आणि सवयीने हाक मारली, "हॅटी, पाणी आण."

"ती आईबरोबर आहे ना," एमेट म्हणाला.

"हो, खरंच की."

आणि दोघे निवांत बसले. मी गार व्हायची वाट बघत त्यांनी वीस मिनिटे काढली. एमेटने सफरचंद खाल्ले. खालच्या दरीवर काळे ढग येत होते. इतकी लांब वीस मिनिटे मी पुन्हा कधी सोसली नाहीत.

तरी काटा उतरेना, म्हणून एमेट ठोकळे लावायला गेला. ते काम त्याचे नव्हते, म्हणून त्याने पेटी नीट बघितली.

"बाबा, तीनच आहेत."

"राहिला असेल खाली. ही पोरगी ना..." असे म्हणत नोलन या बाजूला आला आणि थांबला. पायरी बाहेर होती. दगडाला लागून वाकली होती. तो आत गेला. टेबलावर पुस्तक उघडे होते आणि खुंटीला हॅटीचा कोट होता.

"एमेट," तो अगदी हळू म्हणाला, "तू तिला कारमध्ये बसताना बघितलंस?"

"नाही. तूच म्हणालास की ती गेली."

"मी कुठे म्हणालो? तू म्हणालास."

नोलनने फोन वर धरला, छताकडे धरला, रस्त्यावर जाऊन धरला. तिथे फोन लागत नाहीत. लाकडाने भरलेला एक ट्रक खाली येत होता. नोलन हात हलवत त्याच्यापुढे गेला, पण भरलेला ट्रक त्या उतारावर थांबू शकत नाही. तो भोंगा वाजवत निघून गेला.

"गाडी वळव ना, बाबा," एमेट रडत म्हणाला.

मला वळता येत नव्हते. मी अकरा मीटर लांब आहे आणि रस्त्याच्या एका बाजूला कडा होता, दुसऱ्या बाजूला दरी. वळायला जागा होती ती थेट माथ्यावर, सहा मैलांवर. म्हणजे पोरीकडे जायचे तर आधी तिच्यापासून आणखी लांब जायचे. नोलन खुर्चीत बसला. त्याने माझ्या चाकावर कपाळ टेकवले, ज्याने मला वळवतात त्या चाकावर.

"मर्टल, सहा मैल. बाई, फक्त सहा."

काटा लालच होता. मी चढले. माझ्या पोटात काय काय जळाले ते मला माहीत आहे. पुढच्या वसंतात माझे इंजिन कायमचे बसले आणि नोलनला दुसरे घालावे लागले. त्याची मला खंत नाही.

माथ्यावर लोर्ना कारला टेकून उभी होती. आम्हाला बघून तिने हात हलवला. नोलन उतरला आणि तिने त्याच्या मागे, माझ्या दाराकडे पाहिले.

"हॅटी झोपली का?"

एमेटने सांगितले. लोर्ना कारमध्ये बसली. तिने किल्ली फिरवली आणि ती घाट उतरू लागली. मागोमाग गारा आल्या. माझ्या छतावर त्या ताडताड वाजत होत्या आणि नोलन त्यातच रस्त्यावर उभा होता. एमेटने त्याला कोट नेऊन दिला. तो त्याने हातात धरून ठेवला, घातला नाही. तो हॅटीचा कोट होता.

तासाभराने कार परत आली. तिच्यामागे घोडे न्यायचा गाडा जोडलेला एक पिकअप होता. कारमधून हॅटी उतरली, अंगात कोणाचे तरी गुडघ्यापर्यंत येणारे जाकीट आणि छातीशी पिवळा ठोकळा. पिकअपमधून एक उंच बाई उतरली. तिचे नाव ग्लेंडा, खालच्या एका कुरणाची मालकीण.

"तुमची पोरगी महाहट्टी आहे बरं का," ती नोलनला म्हणाली. "माझ्या गाडीत बस म्हटलं, तर म्हणते, 'नाही मॅडम, तुम्ही अनोळखी आहात. आणि हरवलं की आहे तिथेच थांबायचं असतं.' मग काय, मलाच उतरावं लागलं. गारांत दोघी घोड्यांच्या गाड्याच्या आडोशाला उभ्या. नवाचा पाढा म्हणून दाखवला तिने मला, उलटा."

"मी... तुमचे कसे..." नोलन म्हणाला.

"आभार राहू द्या. शाळा बरी चालवता तुम्ही. जरा पोरं मोजायलाही शिका."

नोलन वाकलेल्या पायरीवर मटकन बसला. त्याने हॅटीला धरले आणि पुन्हा पुन्हा तिचे डोके, खांदे, हात चाचपले, निघताना माझी चाके चाचपायचा तसे.

"ठोकळा राहिला होता," हॅटी म्हणाली. "मागच्या वेळी तू ओरडला होतास, म्हणून गेले."

नोलन लहान मुलासारखा रडला.

ठोकळ्याचा एक कोपरा पार चेचला होता आणि हॅटीच्या मधल्या बोटाचे नख निळे पडले होते. लोर्नाने विचारले, "हे कशानं गं?"

"हातातून पडला. बोटावर."

दुसऱ्या दिवशी लोर्ना म्हणाली, "पुरे झालं हे. न हलणारं एक घर घेऊ." नोलन पक्कड घेऊन माझ्या भोंग्याची तार जोडत बसला होता. बाहेर हॅटी माझ्या मागच्या चाकाजवळ येऊन बसली. तिने रबरावर गाल ठेवला.

"मर्टल," ती कुजबुजली, "तू मागे आलीस ना, तेव्हा माझं बोट खालीच होतं. थोडंसंच. बाबाला सांगू नकोस हं. तो पुन्हा कधी गाडी चालवणार नाही."

तेवढ्यात तार जुळली आणि मी वाजले. आत सगळे दचकले आणि मग कितीतरी वेळाने हसले.

लोर्नाने घराचा विषय पुन्हा काढला नाही आणि आम्ही आणखी तीन वर्षे फिरलो. त्या दिवसापासून निघताना प्रत्येकाने आपले नाव मोठ्याने सांगायचे, असा नियम झाला. लोर्ना. एमेट. हॅटी. शेवटी हॅटी विचारी, "मर्टल?" आणि मी पायरी आत असूनही वाजत असे. कोणी पुन्हा पक्कड काढली नाही.

मित्रांनो, आता मी मिझुरीत नोलनच्या शेताच्या कडेला उभी आहे. माझ्या छतातून पाणी गळते, चाकांत हवा नाही, गवत खिडकीपर्यंत आले आहे. तुमच्या घरातही एखादी म्हातारी वस्तू असेल, किंवा म्हातारे माणूस असेल, जे सारखे कुरकुरते. त्याचा वैताग येतो, मला ठाऊक आहे. तरी त्याची तार कापू नका. शंभर वेळा उगाच वाजणारे एखाद्या वेळी उगाच वाजत नसते. आणि निघण्यापूर्वी एकदा मागे वळून आपली माणसे मोजा.

नोलन थकला आहे. रोज सकाळी तो काठी टेकत माझ्याभोवती एक फेरी मारतो आणि चारही चाकांना हात लावतो. मी कुठेही जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. उन्हाळ्यात हॅटी तिच्या मुलींना घेऊन येते. मुलींना आत सोडण्यापूर्वी ती स्वतः माझ्या चाकांना चारही ठोकळे लावते. शेवटचा, कोपरा चेचलेला, उजव्या मागच्या चाकाला.

"अगं, तो टाकून दे," नोलन दर वर्षी म्हणतो. "तुला नवा करून देतो."

"राहू दे, बाबा," ती म्हणते. "हा चालतो."

मग ती माझ्या चाकावर क्षणभर हात ठेवते. मी शब्द पाळला आहे. नोलनला आता कमी ऐकू येते, म्हणून तुम्हाला एवढे सांगितले. तुम्ही मात्र त्याला सांगू नका.