मेंढरं हद्दीच्या आत

“नगरपंचायतीच्या हद्दीत मेंढरांचा वाडा ठेवता येणार नाही,” नगराध्यक्ष उदयसिंहांनी ठराव वाचला आणि माझ्या शेजारची सुलाबाई ताडकन उठली.

आमच्या नव्या नगरपंचायतीची ती पहिलीच सभा. शहराच्या नगरपालिकेतून आमच्या वाड्या सुटल्या, म्हणून बाहेर अजून फटाके वाजत होते. मी महेजबीन, बांगड्यांच्या दुकानातून थेट नगरसेविकेच्या खुर्चीत. सुलाबाईही माझ्यासारखीच नवखी. ती निवडणुकीला उभी राहिली ती एकाच कारणासाठी. मागं वाडी शहराच्या हद्दीत गेली आणि गावात मेंढरांना बंदी झाली. तिचे मालक भाऊसो कळप घेऊन हद्दीपलीकडच्या माळावर राहायला गेले ते गेलेच. तेव्हा रांगणारी त्यांची लेक समीक्षा आता कॉलेजात जाते. नवरा असून बाई एकटी, आणि आता आमच्याच सभेत पुन्हा तोच ठराव! माझं तर डोकंच फिरलं.

“आवं अध्यक्ष, मग सुटलो कशापायी आपण?” सुलाबाईने विचारलं.

“वहिनी, आता आपण बी शहर झालो. वास येतो, लोक नावं ठेवत्यात.”

“बरं. हद्द कुठवर हाय, तेवढं सांगा.”

“शहरवाल्यांची हद्द घरांपाशीच संपायची. आपण समद्यांची रानं बी आत घेतल्यात!” उदयसिंह ऐटीत म्हणाले.

“म्हंजी तुमची डाळिंबाची बाग बी आतच. मग औंदा तितं मेंढरं बसवाया येनार न्हाईत.”

उन्हाळ्यात मेंढरं रानात बसवली की लेंडीखतानं पीक कसं उठतं, हे सभेत कुणाला सांगायला नको होतं. भाऊसोंचा कळप आधी आपल्या रानात यावा म्हणून हीच मंडळी माळावर हेलपाटे घालायची.

“फाडा रं त्यो ठराव!” मागून नगरसेवक धुळा ओरडला. “फुडल्या आठवड्यात माज्या रानाची पाळी हाय!”

सगळे खो खो हसले. मी तर टेबलच बडवलं. उदयसिंहांनी कागद चुरगाळला. “जिंकलात, वहिनी. भाऊसोंना घरी आना.”

संध्याकाळी कळप भर रस्त्यानं गावात शिरला. हलगी कडाडत होती, लोक मेंढरांवर भंडारा उधळत होते. इतका आनंद मला माझ्या निकालादिवशीही झाला नव्हता.

दारात मात्र भाऊसो थबकले. “आत येऊ न्हवं?” त्यांनी बायकोला विचारलं.

सुलाबाईने तोंडाला पदर लावला. तिने त्यांच्या हातातली काठी घेतली आणि आत नेऊन कोपऱ्यात उभी केली.