पिवळ्या रेषेमागे

"तुझा आवाज आता ऐकवत नाही," असं म्हणून टेरेन्स घर सोडून गेला, तेव्हा त्यांची लेक डेलिया चार महिन्यांची होती. योलांडाने ते वाक्य दोन वर्षं जपून ठेवलं. मग शहराच्या लाइट रेलला स्टेशनांवरच्या घोषणांसाठी नवा आवाज हवा होता आणि चौकशीच्या फोनवर बसणाऱ्या बायकांमधून तिची निवड झाली. टेरेन्स रोज आठच्या गाडीने कामावर जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच सकाळी ती लेकीला कडेवर घेऊन त्याच्या समोरच्या फलाटावर उभी राहिली. सोबत मैत्रीण बर्निस होती.

"एवढ्या बर्फात त्याचं तोंड बघायला आलीस?"

"तोंड नाही गं, पाय बघायला आलेय."

खांबावरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज आला, "गाडी येत आहे. पिवळ्या रेषेच्या मागे व्हा."

मोबाइलमध्ये डोकं घातलेला टेरेन्स निमूट एक पाऊल मागे सरकला.

"बघ, सात वर्षांच्या संसारात माझं एवढंही ऐकलं नव्हतं याने," योलांडा म्हणाली. पण त्याने आवाज ओळखला नव्हता, ते तिला सलत राहिलं.

एवढ्यात डेलियाने कर्ण्याकडे हात करून खणखणीत हाक मारली, "मम्मा!"

टेरेन्सने वर कर्ण्याकडे पाहिलं, मग रुळांपलीकडे. मध्ये गाडी आली. ती निघून गेली, तरी तो तिथेच उभा होता, रेषेच्या बरोब्बर एक पाऊल मागे.

योलांडाने लेकीची टोपी कानांवर ओढली. "चल माझे राणी. आता रोज ऐकेल तो."