ऑक्टोपसचं तिसरं हृदय

जानरावनं वायपरची कांडी हातानं उचलून काचेवर नीट बसवली आणि पुन्हा स्टेअरिंगमागे येऊन बसला. बाहेर धुकं होतं. काळीपिवळी जीप सवाऱ्या घेऊन मंगरूळपीरहून इंझोरीकडे निघाली.

"हा वायपर एका बाईनं शोधून काढला, म्हाईत हाय का?" तो म्हणाला. "अमेरिकेतल्या."

"म्हाईत हाय, बाप्पा," शेजारी बसलेला जगदेव म्हणाला. "सालभर तेच ते ऐकून राह्यलो. रंगूवहिनी होती तवा रोज नवा माल असे."

मागची माणसं हसली. जानरावही हसला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याची बायको रंगूबाई किराण्याच्या पुड्यांचे कागद फेकण्याआधी वाचायची आणि तो जेवताना त्यातली एखादी गंमत सांगायची. दुसऱ्या दिवशी ती गंमत जीपमध्ये बसून गावोगाव जायची. वर्षापूर्वी रंगूबाई गेली. तेव्हापासून तो जुन्याच गमती सांगत होता.

"मंग ऑक्टोपसचं आइका. त्याले तीन हृदयं राह्यतात. दोन सोतासाठी. तिसरं घरी वाट पाहनाऱ्यासाठी. घरी पोचेपर्यंत ते धडधडत राह्यते."

मागच्या सीटवर नर्सिंग शिकणारी साधना होती. तिनं मोबाइल काढला.

"काका, तीन हृदयं हे खरं हाय. पन दोन कल्ल्यांसाठी, अन् तिसरं बाकीच्या अंगाले रक्त पोचवते. वाट पाह्याचं कुठंच नाई."

"म्हंजे वहिनीबी थापा मारायची!" जगदेव म्हणाला.

"रंगू खोटं बोलत नव्हती."

जानरावचा आवाज चढला होता. वायपर काचेवर खरखरत होता.

त्याला तो दिवस आठवला. जीप वाटेत बंद पडली होती आणि तो उशिरा घरी पोचला होता. रंगूबाई गुळाच्या पुडीचा कागद बल्बखाली धरून वाचत होती. तीन हृदयांपाशी ती थांबली. तिनं कागद उलटून पाहिला.

"मंग, पुढं?" त्यानं विचारलं होतं.

पुढचं सांगताना ती कागदाकडे पाहत नव्हती. त्याच्या ताटात भाजी वाढत होती.

"काका, राग आला का?" साधनानं हळूच विचारलं.

"नाई, पोरी. तुहं बरोबर हाय." त्यानं गिअर बदलला. "कागद तिथंच फाटला होता."

इंझोरी आली. माणसं उतरली. जगदेव उतरून दोन पावलं गेला आणि परत खिडकीशी आला.

"जानरावभाऊ, ते तिसऱ्या हृदयाचं कसं म्हनलं वहिनीनं?"

"कायले?"

"घरी सांगतो."

जानरावनं पुन्हा सांगितलं, ती बोलली होती तसंच. जगदेवनं मान हलवली आणि तो धुक्यात गेला.

जीप रिकामी झाली. इंजिन धडधडत होतं. ते बंद करायला जानरावनं किल्लीला हात लावला, आणि ती न फिरवता तसाच बसून राहिला.