हौसाचं पाणी

हौसा नऊ वर्षांची होती आणि सबंध आळीत तिच्याइतकं गुटगुटीत पोर दुसरं नव्हतं. हे सगळं तिच्या आईचं, अंजनाचं कर्तृत्व. तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना वाळत वाळत गेला, तेव्हा बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या होत्या की आईनं पोटाला नीट घातलं नाही. ते बोलणं तिच्या काळजात असं रुतून बसलं की हौसाच्या प्रत्येक भाकरीवर तुपाचा गोळा आणि वर गुळाचा खडा आलाच. बाप मानसिंग पलटणीतून रजेवर आला की लेकीला उचलताना मुद्दाम कण्हायचा आणि आजी रंगूबाई लगोलग मीठमोहऱ्या ओवाळायची.

पण हौसाला लघवी आवरत नसे. शाळेत संडास नव्हता, मुली मागच्या उसात जायच्या. ही निघाली की पोरं "हत्तीण चालली" म्हणून गिल्ला करायची. मग ती जायचीच नाही. दिवसभर दाबून धरायची आणि घराच्या उंबऱ्यापाशी आली की परकर भिजायचा. हे अंजनाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ती परकर न्हाणीत गुपचूप धुवायची आणि गोठ्यामागं वाळत घालायची. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचं, गावभर झालं तर कोण पत्करणार?

त्या चैत्रात लीलाबाई नर्स वजनाचा काटा आणि छापील कागद घेऊन दारात आली. अंगानं जास्त भरलेल्या पोरांना लघवीचा त्रास का होतो, याचा शोध घ्यायला शहरातल्या एका डॉक्टरांनी गावोगाव पाहणी काढली होती. तिनं हौसाला काट्यावर उभं केलं, तेव्हा रंगूबाईनं आधी नातीच्या गालाला काजळाची तीट लावली. मग कागदावरचे प्रश्न सुरू झाले. दिवसा कपडे ओले होतात का, असं विचारलं तेव्हा ओसरीवर शेजारची शालूबाई शेंगा फोडत बसली होती.

"न्हाई," अंजना म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत.

लीलाबाईनं कितीतरी घरांत हा प्रश्न विचारला होता, त्यामुळं घाईचं 'नाही' तिला कळत होतं. जाताना तिनं अंजनाला गोठ्याकडं नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की यात आईचा दोष नाही, पोरीचाही नाही. पाणी भरपूर द्यायचं, दर दोन तासांनी लघवीला पाठवायचं, तूपगूळ कमी करायचा आणि शनिवारी आरोग्य केंद्रावर आणायचं, ती कुणाजवळ बोलणार नाही. त्या भल्या बाईचा राग यावा असं तिनं काहीच केलं नव्हतं, पण अंजनाला आला. माझ्या पोरीला तसलं काही नाही, असं तिनं पुन्हा ठणकावलं आणि शनिवारी ती गेली नाही.

उलट तिनं आपलंच डोकं चालवलं. पाणीच प्यायलं नाही तर कपडे भिजतील कशाला? सकाळपासून दिवे लागेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, असं तिनं हौसाला बजावलं. पोर गुणाची. भर उन्हाळ्यात ओठ फुटले तरी तिनं आईचा शब्द मोडला नाही. आठ दिवस परकर कोरडा राहिला आणि अंजनाला वाटलं, देवानं ऐकलं.

नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. पाठ दुखायला लागली, पोटात काही ठरेना. तोंड सुजलं, तर रंगूबाई म्हणाली, पोरीनं आणखी अंग धरलं. डोळे उघडेनासे झाले तेव्हा कुठं घरचे हादरले आणि तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं अंजनानं चार परक्या माणसांसमोर सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, दुखणं बऱ्याच दिवसांचं आहे, मूत्रपिंडापर्यंत गेलंय, लघवी बंद झालीय.

"उद्या दुपारपर्यंत लघवी झाली तर आशा आहे. अंगाखालची चादर भिजली तरी मला लगेच सांगा."

हौसा शाळेत जायला लागल्यापासून तीन वर्षं अंजनाला ज्याची धास्ती होती, तेच आता ती देवाकडं मागू लागली. घडीघडीला ती चादरीखाली हात घाली आणि दर वेळी कोरडाच काढून घेई.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाला जरा शुद्ध आली. आईचा हात चाचपतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती सुजलेल्या तोंडानं हसली.

"बघ की आई, कालपासनं कोरडी हाय," ती म्हणाली. "आता मला कुणी हसणार न्हाई."

अंजनानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"व्हय गं माझे बाय," ती म्हणाली. "लय शाणी हाईस तू."