हॉलिस वकिलांचा तांबडा गॅलिस

मी एक जुना गॅलिस आहे. पँट खांद्यावरून तोलून धरणारा तांबडा पट्टा. मित्रांनो, तुम्ही पट्टे कमरेला बांधता, म्हणून आधी ओळख दिली.

अलाबामातल्या एका लहान गावात, मिस व्हर्नेल यांच्या शिवणयंत्रावर माझा जन्म झाला. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला हॉलिस ट्रॅमेल वकील झाला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या खांद्यावर चढवलं. म्हणाल्या, "डोक्यात कायदा भरलास, पण पँट घसरली तर कोण ऐकणार रे तुझं?"

खटल्याचा निकाल देणाऱ्या ज्युरीपुढे उभे राहिले की हॉलिस माझ्यात अंगठे अडकवत, मला ताणत आणि फट्‌दिशी सोडत. पेंगणारी बारा माणसं सावरून बसत. कितीतरी निरपराध त्या आवाजावर घरी गेले. मला फार अभिमान वाटे.

मग टीव्हीवाले आले. देशभरच्या खटल्यांवर हॉलिस रोज संध्याकाळी बोलू लागले. एकदा कुठला तरी आरोपी साक्षीला उभाच राहिला नाही. हॉलिसनी मला ताणलं. "खरा माणूस बोलतो. गप्प बसतो त्याच्या पोटात पाप!" फट्‌! वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा माणसं ते म्हणून अंगठ्यांनी शर्ट ताणायची.

पुढे गावातल्या पेंडीच्या गोदामाला आग लागली, पहारेकरी मेला आणि मिस व्हर्नेलनी वाढवलेल्या भाच्याला, ओडेलला पकडलं. ओडेल त्या वेळी नदीवर एकटाच मासे धरत होता. ते पाहणारं कुणी नव्हतं, आणि ओडेल लहानपणापासून तोतरा. परक्या माणसांत त्याला स्वतःचं नावही धड सांगता येत नसे. त्याचे वकील हॉलिसच. त्यांनी ठरवलं, याला साक्षीला उभं करायचंच नाही. कायदा तशी मुभा देतो, आणि त्यावरून दोषी धरायचं नाही असंही बजावतो.

गावकऱ्यांतून ज्युरी निवडताना त्यांनी विचारलं, "ओडेल बोलला नाही, तर मनात काही धरणार नाही ना?"

समोरच्या बाई हसल्या. "अहो वकीलसाहेब, गप्प बसतो त्याच्या पोटात पाप, हे तुम्हीच शिकवलंत की!"

मागच्या बाकांवरही माना डोलल्या. बाईंना वगळता आलं. अख्खं गाव कसं वगळणार? हॉलिसचा घाम माझ्यात मुरला.

नाइलाजानं ओडेलला उभं केलं.

"आग लागली तेव्हा कुठे होतास?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"न... न... नद..."

"झालं, त-त-प-प सुरू!"

हॉलिस हरकत घेत ओरडले. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना झापलंही. पण ज्युरीनं ऐकायचं ते ऐकलं होतं. ओडेलला जन्मठेप झाली.

बाहेर येऊन हॉलिस भिंतीशी मटकन बसले, तसा माझ्या पाठीचा टाका तुटला. मिस व्हर्नेल आल्या. मला वाटलं, आता या मला ओरबाडून काढणार. त्यांनी पिशवीतून सुई काढली.

"ऊठ. पाठ कर इकडे."

"माफ करा मॅम. मी पुन्हा त्या टीव्हीवर पाऊल ठेवणार नाही."

"ठेवशील! ज्या तोंडानं पेरलंस, त्याच तोंडानं उपट. अपिलात नवा खटला मिळालाच, तरी ज्युरीत बसणारी माणसं हीच आहेत."

पहिल्यांदाच त्यांचा टाका वाकडा पडला.

त्याच संध्याकाळी हॉलिस कॅमेऱ्यापुढे बसले. "मी चुकीचं बोललो होतो. गप्प राहणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे."

निवेदक हसला. "साहेब, आज गॅलिस नाही वाजवलात!" आणि जाहिरात लागली.

तेव्हापासून ते हेच सांगत आहेत. न्हाव्याच्या दुकानात हे वाक्य मात्र कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा. मला नाही जपलंत तरी चालेल, तोंडातला शब्द जपा. मी ताणून सोडला की जागेवर येतो. शब्द येत नाही. ओडेल अजून आत आहे, आणि दर रविवारी चर्चबाहेर मिस व्हर्नेल माझा वाकडा टाका बोटानं चाचपून बघतात.