चार फायटर, तीन गाळे

उन्मेषने जहाजाच्या वजनाचा शेवटचा आकडा जुळवला आणि त्याच्या विश्रामबागेतल्या घराचा हॉल पाव किलोमीटर लांब झाला. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. त्याची धाकटी बहीण निशू तेवढी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन निघाली होती. ती टेबलापाशी पोचेपर्यंत चहा पार गार झाला आणि तिने तो तसाच सगळ्यांपुढे ठेवला.

ही मंडळी दर रविवारी दुपारी जमायची. कागदावर अवकाशजहाजं बांधायची, आपणच त्यावरची माणसं व्हायचं आणि चौगुले मास्तर आणतील त्या संकटांना तोंड द्यायचं, असा तो खेळ. मास्तर म्हणजे खेळाचे मास्तर हं. शाळेत त्यांनी कधी पाऊल टाकलं असेल तर शिकायलाच, आणि तेही फार नाही.

ह्या खेपेला उन्मेषकडे मोठं काम आलं होतं: छोटे लढाऊ फायटर पोटात घेऊन फिरणारं वाहक जहाज. जहाजाचं एकूण वजन ठरलेलं. एक वस्तू आत घातली की दुसरी बाहेर काढायची. आता काटकसरीत ह्या गड्याचा हात कोण धरणार! पंख्याची पाती त्याने निम्मी केली, शिड्यांच्या पायऱ्या एकाआड एक ठेवल्या. आणि फायटर चार असताना ते उभे करायला गाळे केले तीन.

"चौथा कुठं लावायचा रे?" इरफान शिकलगारने विचारलं.

"लढाई म्हटल्यावर चारातला एक तरी पडतोच," उन्मेष म्हणाला. "जो परत येणारच नाही त्याला गाळा कशाला? वाचलेल्या वजनात मी कॅप्टनची खोली बसवली."

सगळे खूश झाले. इरफानने टेबलावर थाप मारली, हेरवाडे बंधू दोघंही एकदम "वा!" म्हणाले, कारण ते जुळे होते आणि वेगवेगळं कधी काही म्हणतच नसत. सगळ्यात जास्त खूश झाली निशू. "आमचा दादा म्हणजे ना, भलताच हुशार!" ती म्हणाली. असा अभिमान की बघून घ्यावा.

मग फायटरमध्ये चढायची वेळ झाली. उन्मेषने ते इतके हलके केले होते की माणूस आहे तसा आत मावेना. हेरवाडे बंधूंनी घड्याळं काढली, चपला काढल्या, तरी जमेना. शेवटी दोघांनी जोरात श्वास सोडला आणि ते सुरळीच्या वडीएवढे झाले. इरफान अंगाने आडवा, त्याला दोनदा सोडावा लागला. निशू मुळातच किरकोळ. ती हसतहसत आत शिरली. गॅलरीचं दार उघडलं तर बाहेर रस्ता नव्हता, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी नव्हत्या. सगळं काळं होतं आणि गारठा आत येत होता. चौघं एकामागून एक निघून गेले.

उन्मेष कॅप्टनच्या खोलीत जाऊन बसला. एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतभर खिडकी. मास्तरांचं वजन नियमात धरत नाहीत, म्हणून तेही आले आणि पलंगावर मांडी घालून फासे टाकू लागले. टाकतच राहिले. मध्येच "अरे तिच्या!" म्हणाले आणि पुन्हा टाकले.

"काय झालं?"

"तुझी बहीण उडते छान."

तेवढ्यात स्पीकरमधून निशूचा आवाज आला. "दादा! जिंकलो! सगळ्यांना घेऊन येतेय, एकपण पडला नाही!"

उन्मेषला राग आला. आनंद व्हायला हवा होता, मान्य. पण आला तो रागच, आणि तोही तिचाच. एवढा चोख हिशोब पोरीने बिघडवला.

पहिल्या गाळ्यात एक हेरवाडे शिरला, दुसऱ्यात दुसरा. "इरफानभाई, तुम्ही जा. मी शेवटी," निशू म्हणाली. तिसऱ्या गाळ्याचं दार इरफानच्या मागे बंद झालं. मग ती जहाजाच्या पोटाखाली इकडून तिकडे गेली.

"दादा, माझा कुठला?"

उन्मेषने मास्तरांकडे पाहिलं. "एखादा पुन्हा उघडता येईल?"

"पुढच्या लढाईपर्यंत नाही. बिजागऱ्यांचं वजन तूच वाचवलंस."

"उन्म्या!" गाळ्यातून इरफान ओरडला. "खोली मोड की लेका! तेवढ्यात गाळा बसतोय!"

"बसतो," मास्तर म्हणाले. त्यांनी खोडरबर हातात घेतलं. "मोडू?"

"मोडली तर मी कुठे जायचं?"

"खोलीतलं सगळं खोलीबरोबर वजा होतं."

उन्मेषने खोडरबराकडे पाहिलं. चांगलं नवंकोरं होतं.

"निशू," तो म्हणाला, "जरा एक फेरी मारून ये."

"बरं."

ती फेरी मारून आली. तोवर खोली आवळली होती. खुर्ची पलंगाला टेकली आणि उन्मेषचे गुडघे काचेला.

"दादा, इंधनाचा काटा खाली आलाय हं."

"अजून एक मार."

"बरं."

"निशू, अगं तो काही करत नाहीये!" इरफान आतून दारावर लाथा घालत होता. "बसून राहिलाय नुसता! माझ्या नावाने त्याला शिव्या घाल, काहीतरी कर!"

"करतोय ओ इरफानभाई. मला दिसतोय ना तो. डोकं धरून बसलाय बिचारा."

हेरवाडे बंधू दोन्ही गाळ्यांतून एकदम म्हणाले, "आमच्यात जागा नाही." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला तिचं इंजिन बंद पडलं. मग स्पीकरमधला तिचा आवाजही गेला, कारण तिच्याकडचा माइक इंजिनावरच चालायचा. फायटर अलगद सरकत आला आणि खिडकीला चिकटला. काचेच्या अलीकडे उन्मेषचं नाक, पलीकडे निशूचं. तिचे ओठ निळे पडले होते. तरी ती हसत होती आणि काहीतरी विचारत होती. काय विचारत होती ते कळायला आवाज लागत नव्हता.

उन्मेषने मान फिरवून पाहिली. खोली एवढी अरुंद झाली होती की मान फिरत नव्हती. डोळे मिटले तर पापण्या काचेला घासत होत्या आणि त्यातून ती दिसतच होती.

"मास्तर."

"बोल."

"पडद्याचं वजन किती धरायचं?"

मास्तरांनी खोडरबर खाली ठेवलं आणि पेन्सिल उचलली. "कापड कुठलं?"

"जाड," उन्मेष म्हणाला.

दादा मास्तरांशी आपल्याच जागेचं बोलतोय असं निशूला वाटलं. तिने काचेपलीकडून हात हलवला आणि खूण केली, की सावकाश, घाई नाही.