ओसरीबद्दल सगळ्यांचं मत चांगलंच होतं

निशानं 'ओसरी' लोकांच्या हाती दिली त्याला पंधरवडा होत आला होता, आणि अजून एकानंही तिच्यात खोट काढली नव्हती. निशाला घोर लागला होता तो याचाच.

ओसरी म्हणजे कोड लिहायचा एडिटर. भाकरी करणारीला परात लागते तसा प्रोग्राम लिहिणाऱ्याला एडिटर लागतो. परात चांगली असली म्हणून भाकरी चांगली होते असं नाही, पण परातीला भोक असलं तर मात्र पीठ जातं. निशा गारखेड्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तिला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. लेक शाळेत जायला लागली तशी दुपार रिकामी पडली, आणि त्या दुपारी ती इंटरनेटवर बघून-बघून, चुकून-चुकून शिकत गेली. चाळिशी उलटल्यावर तिच्या मनानं घेतलं, की आपल्या पोरांच्या जुन्यापान्या मशीनवर धापा न टाकता चालेल, मेनू मराठीत असेल, असा एक एडिटर आपणच का करू नये? क्लासमध्ये विंडोज, कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स, आणि एखाद्याच्या पुण्यातल्या आतेभावाकडं मॅक. तिन्हीकडं ओसरी सारखीच चालायला हवी.

"तीन सासरं आणि एकच सून," तिचे यजमान काकासाहेब म्हणाले होते. काकासाहेब हे त्यांचं जन्मनावच. बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून हेच नाव कानात सांगितलं, तेव्हापासून ते वडीलधारे झाले ते झालेच. "कुठं ना कुठं भांडी वाजणारच बघ."

पण भांडी वाजतच नव्हती.

तिनं ग्रुप काढला होता, त्याचं नावच 'ओसरी : चुका सांगा' असं ठेवलं होतं. त्यात रोज सकाळी फुलं यायची. "लई भारी मॅडम." "एक नंबर." "आपल्या शहराची शान." एके दिवशी सत्यम नावाच्या पोरानं लिहिलं, "मॅडम, एक चूक सापडली," आणि निशा पोळी तव्यावर टाकून फोनकडं धावली. पुढचा मेसेज होता, "तुमचं नाव लई बारीक अक्षरात येतंय. मोठं करा. जगाला कळू द्या." पोळी करपली ती वेगळीच.

फर्दापुरात तिचा मामेभाऊ सांडू राहायचा. लेण्यांकडं जाणाऱ्या पर्यटकांसाठी त्याचं हॉटेल होतं. त्याचा फोन आला.

"ताई, तुझी ओसरी इथल्या समद्या पोरायला वाटली. पेन ड्राइव्हवर. अजिंठ्याला बी गेली."

"अरे सांड्या, ती कच्ची आहे अजून! वापरून बघायला दिलीय फक्त. वाटायची नाही!"

"असू दे की कच्ची. आपली हाय ना?"

फोन ठेवून ती काकासाहेबांकडं वळली. "अहो, पहिल्या खेपेला चूक नाही असं होतच नाही. मग बोलत का नाहीत ही पोरं?"

काकासाहेबांनी पेपर खाली केला. "तू कुणाकडं जेवायला गेलीस, तर वरणात मीठ नाही म्हणून सांगतेस का?"

"मी कशाला सांगू?"

"मग. ही पोरं तुझ्या घरी जेवायलीत."

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी खुशनुमा आली. जिना चढताना तिच्या चपलांचा आवाज नेहमीसारखाच संथ होता, त्यामुळं निशाला काही शंका आली नाही. क्लासमधली ही तिची सगळ्यात लाडकी पोरगी. लाडकी असं तोंडानं म्हणायचं नसतं, पण खुशनुमा आली की निशा पंख्याचं बटण एकानं वाढवायची, हे सगळ्या बॅचला ठाऊक होतं.

"मॅडम, जरा बघता का?" तिनं पेन ड्राइव्ह पुढं केला. "फाइल उघडंना झालीय."

"कोणती?"

"हिमरूची."

निशानं पेन ड्राइव्ह मशीनला लावला. खुशनुमाचे अब्बा मोहियोद्दीनभाई हिमरूच्या शाली विणायचे. शाल विणायच्या आधी जुन्या शालीवरची बुटी, म्हणजे पानाफुलांची नक्षी, बघून चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका भरावा लागतो, कुठला धागा वर आणि कुठला खाली. त्यात त्यांचे डोळे गेले होते. खुशनुमानं वर्षभर खपून एक प्रोग्राम लिहिला होता. शालीचा फोटो द्यायचा, की प्रोग्राम बुटीचे ठिपके स्वतः पाडतो. चिकलठाण्याला कापडाची डिझाइनं करणाऱ्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. प्रोग्राम चालवून दाखवा, म्हणाले होते. आणि मुलाखत आजच होती, दुपारी तीनला.

निशानं फाइल उघडली. उघडली ती व्यवस्थित. आत काही नव्हतं. पांढरं स्वच्छ पान, आणि वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

"शेवटचं कधी सेव्ह केलंस?"

"शनिवारी, कॉलेजच्या लॅबमध्ये. सर कुलूप घ्यून उभे होते. सेव्ह केलं, खाली हिरव्या अक्षरात 'जतन झालं' आलं, मग पेन ड्राइव्ह काढला न् पळाले."

"घरी दुसरी प्रत?"

"हाय, पण पुरानी. ती फक्त चौकटी काढते. बुटी ओळखायचं सगळं ह्याच्यात होतं."

निशानं जे जे येत होतं ते सगळं केलं. गेलेल्या फायली शोधून देणारे प्रोग्राम लावले. एकानं तिला खुशनुमाच्या चुलतभावाच्या लग्नाचे फोटो शोधून दिले, दुसऱ्यानं कुणाचं तरी आधार कार्ड. हिमरूचं काही नाही. मग तिनं ओसरीचाच कोड उघडला आणि सेव्ह करायचा भाग वाचायला घेतला. तो तिनंच लिहिला होता, शेकडो वेळा बघितला होता. आज खुशनुमाला शेजारी बसवून वाचताना तो कुणा परक्यानं लिहिल्यासारखा दिसला.

ओसरी सेव्ह करताना आधी जुनी फाइल पुसायची आणि मग नवीन लिहायला मशीनला द्यायची. म्हणजे जुनी भिंत पाडायची आणि मग विटा आणायला जायचं. आणि 'जतन झालं' हे ती विटा सांगितल्याबरोबर म्हणायची, भिंत उभी राहिल्यावर नाही. निशाच्या क्लासमधल्या विंडोजवर पेन ड्राइव्हवर लगोलग लिहिलं जायचं, त्यामुळं इथं कधी काही बिघडलं नाही. लॅबमधलं लिनक्स मात्र सावकाश, आपल्या सवडीनं लिहायचं. तेवढ्यात पेन ड्राइव्ह उपटला, की जुनं गेलेलं आणि नवं आलेलं नाही. आणि उपटायचा तर सगळेच. 'आधी रीतसर बाहेर काढा' हे निशा पहिल्या दिवशी शिकवायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खसकन ओढायची.

"म्हणजे तुझी काही चूक नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

"नक्को ना मॅडम. मीच घाई केली."

"खुशनुमा, हे आधी कधी झालं होतं का?"

पोरगी ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली.

"झालं होतं?"

"छोट्या फाइलींचं झालं होतं. मी परत लिहून काढल्या."

"मग मला का नाही सांगितलंस? ग्रुप कशाला काढलाय मी? नावच 'चुका सांगा' ठेवलंय!"

"तुमच्या एडिटरला नाव कसं ठेवायचं, मॅडम?" खुशनुमा इतक्या सहज म्हणाली, की जणू निशानंच काही वेडंवाकडं विचारलं होतं. "अन् मी एकटीच नाय. सत्यमचं बी गेलं. श्रेयाचं तर पूर्ण असाइनमेंट गेलं."

"तुम्हाला एकमेकांचं कसं माहीत?"

खुशनुमानं हातातला फोन ओढणीखाली सरकवला. पण तिला खोटं बोलता यायचं नाही. तिनं फोन काढून समोर ठेवला. दुसरा एक ग्रुप होता. नाव होतं 'ओसरी (मॅडम नाहीत)'.

निशा वर-वर सरकवत वाचत गेली. पंधरा दिवस ज्याची वाट बघितली ते सगळं इथं होतं, आणि नीट, खुलासेवार होतं. कुठल्या मशीनवर, काय करताना, नक्की काय झालं. तिनं स्वतः शिकवलं होतं तसंच लिहिलेलं.

"लॅबमध्ये फाइल गेली. घरी असं होत नाय."

"दोनदा सेव्ह करा, मग थोडं थांबून काढा. माझं तसं जमलं."

"कोणी मॅडमना सांगू नका रे. त्यांना बीपी आहे."

"त्यांनी एकटीनं बनवलंय. एवढं तर चालायचंच."

"गेली तर गेली, आपली चूक धरायची."

आणि शनिवारी संध्याकाळी खुशनुमाचं: "माझी पण गेली बहुतेक. मोठी वाली." त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग, आणि मग सत्यमचं, "मॅडमना जाऊन दाखव, पण एडिटरमुळं गेली म्हणू नको. पेन ड्राइव्ह खराब आहे म्हण."

निशाला हसू यायला लागलं आणि ते हसू मधेच भलतीकडं वळलं. तिनं उठून माठातलं पाणी घेतलं. इतक्या मायेनं कुणी कुणाचं नुकसान करून घेतलेलं तिनं बघितलं नव्हतं. रागावायचं कुणावर? एकजण जरी पहिल्याच दिवशी "मॅडम, भंगार आहे हो तुमचं" म्हणाला असता, तरी ही फाइल आज असती.

"चल, परत लिहू," ती म्हणाली.

"इतक्यात नाय होत, मॅडम."

"जेवढं होईल तेवढं."

दोघी बसल्या. खुशनुमा आठवून-आठवून सांगायची, निशा टाइप करायची, दुसऱ्या एडिटरमध्ये. सुरुवात चांगली झाली. मग बुटी ओळखायचा भाग आला आणि खुशनुमा अडायला लागली. वर्षभरात तिनं तो इतक्यांदा बदलला होता, की कुठला विचार शेवटी ठेवला आणि कुठला टाकला, ते आठवेना. "इथं पान वळतं ना मॅडम, तिथं मी काही तरी केलं होतं. लई छोटं होतं. पण त्याच्यानंच जमलं होतं." ती डोळे मिटून बसली. निशानं आपल्या परीनं तीन-चार तऱ्हा सुचवल्या. प्रत्येक वेळी पडद्यावर बुटीऐवजी मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं काहीतरी उमटायचं.

मधेच खुशनुमाच्या अम्मीचा, आबेदाबींचा फोन आला. निशानंच घेतला. काय सांगायचं याची तिनं जुळवाजुळव केली होती, पण आबेदाबींनी बोलूच दिलं नाही.

"मॅडम, आपने बच्ची के वास्ते कित्ता किया. नौकरी लगी तो पहला मिठाई आपके घर."

"आबेदाबी, ऐका ना, माझ्यामुळं..."

"नई नई, आपके वजह सेच हुआ सब," त्या म्हणाल्या. निशाला जे कबूल करायचं होतं, तेच शब्द त्यांनी आभार म्हणून परत केले.

दोन वाजून गेल्यावर खुशनुमा उठली. तिनं चौकटी काढणारी जुनी प्रत घेतली, आणि वारुळाचीही. रिक्षात बसवून निशा परत वर आली आणि तिनं ओसरीची ती चूक दुरुस्त केली. फार काही नव्हतं, दोन-चार ओळी. आधी नवं लिहायचं, पोचल्याची खात्री करायची, मग जुन्याला हात लावायचा. चहाला आधण ठेवावं आणि उकळी यायच्या आत काम व्हावं, एवढंच ते काम.

मग तिनं तिच्या ग्रुपवर लिहिलं, "ओसरी लगेच काढून टाका. फाइल नाहीशी होते. चूक माझी आहे."

फुलं आली. "असं का म्हणता मॅडम?" "आम्हाला तर काहीच त्रास नाही." "तुम्ही ग्रेट आहात."

तिनं सांडूला फोन लावला. "सांडू, ज्यांना ज्यांना दिलीस त्यांच्याकडून काढून घे."

"आता कशी काढू ताई? त्यायनी पुढं वाटली. सोयगावापर्यंत गेली म्हणत्यात. कोणाकोणाच्या घरी जाऊ?" आणि मग आवाज मऊ करून, "कोण काही बोललं का तुला? नाव सांग, बघतो त्याला."

संध्याकाळी खुशनुमाचा फोन आला. मागं रिक्षांचे हॉर्न होते.

"काय झालं गं?"

"काही नाय. चौकटी दाखवल्या. त्यांनी विचारलं, बुटी कुठंय? मी म्हटलं, फाइल गेली, माझ्या हातून. ते म्हणाले, कळवतो. पण त्यांनी दुसऱ्या पोरीला तिथंच थांबवून घेतलं."

"एडिटरचं सांगितलंस का त्यांना? खरं सांगायचं होतंस!"

"त्यांनी विचारलं कशात लिहिते म्हणून. मी म्हटलं, आमच्या मॅडमनी बनवलाय, लई चांगला आहे. त्यांनी नाव लिहून घेतलं. वापरून बघतो म्हणाले."

निशानं खुर्ची ओढून घेतली.

"खुशनुमा, एक ऐक. रागाव माझ्यावर. मॅडम, तुमच्यामुळं माझी नोकरी गेली, असं म्हण. एकदा म्हण. मला बरं वाटेल."

पलीकडं हॉर्नच्या गोंगाटात काहीतरी खरखरलं. पोरगी रडत असावी, किंवा फोन दुसऱ्या कानाला लावत असावी.

"असं कसं म्हणू, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?"